अमेरिकेतील युद्धोत्तर कॉन्सेप्ट कार: प्रदर्शनाची शोभा की खरे प्रयोग?

अरण्यक:

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साधारण पंधरा वर्षांत अमेरिकेतील मोटार कंपन्यांनी ज्या प्रायोगिक गाड्या बांधल्या, त्यांच्याविषयी सध्या मी वाचत आहे. जनरल मोटर्सची ‘ल सेबर’ आणि ‘फायरबर्ड’ मालिका, फोर्डची ‘लिंकन फ्युचुरा’, क्रायस्लरने इटलीत बांधून घेतलेल्या गाड्या, पॅकार्डची ‘प्रेडिक्टर’ अशी नावे वारंवार समोर येतात. छायाचित्रे विपुल आहेत, परंतु सोबतचा मजकूर बहुतेक ठिकाणी कौतुकाच्या पुढे सरकत नाही.

माझा प्रश्न असा आहे की, या गाड्यांपैकी खरोखर रस्त्यावर धावू शकणाऱ्या किती होत्या, आणि ज्या धावत होत्या त्यांच्यावर तांत्रिक दृष्ट्या नेमके काय तपासले जात होते? जेट विमानासारख्या दिसणाऱ्या गाडीत जेटशी नाते सांगणारे इंजिन बसवण्याची कल्पना केवळ देखाव्यासाठी होती, की त्यामागे अभियांत्रिकीचा गंभीर विचार होता? आणि तो विचार गंभीर असेल, तर ते इंजिन आपल्या रोजच्या गाड्यांपर्यंत का पोहोचले नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

यंत्रोपासक:

अरण्यक, आपल्या प्रश्नाचा पहिला भाग सोडवायचा असेल, तर ‘कॉन्सेप्ट कार’ या एकाच नावाखाली वावरणाऱ्या गाड्यांचे प्रकार आधी वेगळे करावे लागतील. काही गाड्या म्हणजे अभियंत्यांची चालती प्रयोगशाळा होती, काही गाड्या नेहमीच्या चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, नवे कवच चढवून तयार केलेल्या होत्या, आणि काहींना तर धड इंजिनही नव्हते; त्या ढकलत मंचावर आणल्या जात. १९५५ ची ‘ला साल २’ अॅल्युमिनियमच्या व्ही-६ इंजिनाची म्हणून गाजली, पण त्या प्रदर्शनीय गाडीतील इंजिन चालणारे नव्हते. फोर्डची ‘न्यूक्लिऑन’ तर पूर्ण आकाराची गाडीसुद्धा नव्हती. मागच्या बाजूला छोटी अणुभट्टी बसवण्याची कल्पना मांडणारी ती तीन-अष्टमांश आकाराची प्रतिकृती होती, आणि तिच्याकडे प्रयोग म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची गाडी म्हणजे १९५१ ची ‘ल सेबर’. जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ले अर्ल यांनी १९३८ मध्ये ‘ब्युइक वाय-जॉब’ बांधली होती आणि अनेक जण तिलाच पहिली कॉन्सेप्ट कार मानतात. ‘ल सेबर’ हे त्याच विचाराचे युद्धानंतरचे रूप होते. तिच्यात सुमारे साडेतीन लिटरचे, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) लावलेले अॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन होते, त्याची शक्ती ३३५ अश्वशक्ती सांगितली जाई आणि ते पेट्रोल व मिथेनॉल अशा दोन इंधनांवर चाले. कवचाचे काही भाग मॅग्नेशियमचे ओतीव होते, गिअरबॉक्स मागे नेलेला होता, आणि पावसाचा थेंब पडताच संवेदकाच्या साहाय्याने छत आपोआप वर येण्याची सोय होती. अर्ल यांनी ही गाडी अनेक वर्षे स्वतः रोजच्या वापरात ठेवली. माझ्या दृष्टीने हाच तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे, कारण मंचावरच्या खोट्या गाडीतून कोणी कार्यालयात जात नाही.

मात्र ‘ल सेबर’मधून उत्पादनात सर्वांत लवकर उतरली ती यंत्रणा नव्हे, तर समोरची, दोन्ही कडांना वळून बाजूंपर्यंत गेलेली काच. १९५३ च्या कॅडिलॅक एल्डोराडोमध्ये ती आली, पुढच्याच वर्षी कॅडिलॅक, ब्युइक आणि ओल्ड्समोबिलच्या नेहमीच्या गाड्यांत आली, आणि प्रतिस्पर्ध्यांनीही तिचे अनुकरण केले. दिसायला ती देखणी होती हे मान्य, पण वळणाच्या ठिकाणी दृश्य वेडेवाकडे दिसे आणि दाराजवळचा मागे वाकलेला खांब चढता-उतरताना गुडघ्याला लागे. साठच्या दशकाच्या आरंभी ती बहुतेक ठिकाणांहून नाहीशी झाली. प्रदर्शनात लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून वापरात गैरसोयीची गोष्ट लाखो गाड्यांत शिरावी, हे या पद्धतीचे मला मोठे दुबळेपण वाटते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा काळ समजणार नाही, आणि ती म्हणजे फायबरग्लास. पोलादी पत्रा दाबून आकार देण्यासाठी जे डाय, म्हणजे पोलादी साचे, लागतात, त्यांचा खर्च हजारो गाड्यांवर विभागला गेला तरच परवडतो. युद्धकाळात विकसित झालेल्या फायबरग्लासमुळे मातीच्या प्रतिकृतीवरून प्लास्टरचा साचा घेऊन एकच गाडी, तीही काही महिन्यांत, बांधता येऊ लागली. १९४९ पासून १९६१ पर्यंत जनरल मोटर्सने भरवलेली, पुढे ‘मोटोरामा’ या नावाने प्रसिद्ध झालेली फिरती प्रदर्शने या साधनाशिवाय इतकी समृद्ध झाली नसती. या सर्व प्रदर्शनांना मिळून सुमारे एक कोटी लोकांनी भेट दिली. १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात ‘कॉर्व्हेट’ मांडली गेली आणि ३० जून रोजी फ्लिंट येथे तिचे उत्पादन सुरू झाले, म्हणजे मंच आणि कारखाना यांच्यात जेमतेम साडेपाच महिन्यांचे अंतर होते. त्या वर्षी बांधलेल्या तीनशेच्या तीनशे गाड्या पांढऱ्या होत्या आणि त्यांचे कवच प्रदर्शनातील गाडीप्रमाणेच फायबरग्लासचे होते. कंपनीचा ग्राहकांच्या मनाचा अंदाज घेण्याचा प्रयोग इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

वाफारा:

यंत्रोपासक यांनी रचनेची बाजू उत्तम मांडली आहे, म्हणून मी फक्त टर्बाइनविषयी, म्हणजे जेटशी नाते सांगणाऱ्या त्या इंजिनाविषयी, लिहितो. माझा व्यवसाय वीजनिर्मिती केंद्रातील गॅस टर्बाइनशी निगडित असल्यामुळे या गाड्यांकडे मी त्याच नजरेने पाहतो, आणि आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, विचार अत्यंत गंभीर होता.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. या गाड्या जेटच्या झोताने पुढे ढकलल्या जात नव्हत्या. त्यांत टर्बाइनचे दोन स्वतंत्र भाग असत. पहिल्या भागात हवा दाबणारा काँप्रेसर, ज्वलनकक्ष आणि त्या काँप्रेसरला फिरवणारे चक्र; तेथून बाहेर पडणारा तप्त वायू दुसऱ्या, वेगळ्या दांड्यावरच्या चक्रावर आदळे, आणि ते चक्र गिअरमार्फत चाकांना गती देई. दोन्ही भागांना जोडणारा दुवा फक्त वायूचा असल्यामुळे गाडी थांबलेली असतानाही पहिला भाग फिरत राहू शके, म्हणून क्लचची गरज नसे, आणि उभ्या गाडीला सुरुवातीच्या क्षणीच चाके फिरवणारा जोरदार पीळ (टॉर्क) मिळे.

‘फायरबर्ड १’ १९५३ मध्ये तयार झाली आणि १९५४ च्या मोटोरामामध्ये लोकांनी ती पाहिली. एकच आसन, फायबरग्लासचे कवच, आखूड पंख, ३७० अश्वशक्तीचे टर्बाइन, आणि मागून निघणाऱ्या वायूचे तापमान सुमारे ६७५ अंश सेल्सियस. त्या तापमानाचा वायू मागे उभ्या असलेल्या वाहनावर किंवा पादचाऱ्यावर सोडणे शक्यच नव्हते, त्यामुळे ही गाडी कधी विक्रीला येणार असा दावाही कंपनीने केला नाही. इंडियानापोलिसची शर्यत तीन वेळा जिंकलेले मॉरी रोझ यांनी तिच्या चाचण्या घेतल्या. आजही डेटोना ५०० या शर्यतीच्या विजेत्याला जो हार्ले जे. अर्ल चषक मिळतो, त्याच्यावर या गाडीची प्रतिकृती बसवलेली आहे.

खरी प्रगती १९५६ च्या ‘फायरबर्ड २’मध्ये झाली. चार माणसांसाठी बांधलेल्या या गाडीचे कवच टायटेनियमचे होते, परंतु माझ्या मते त्याहून मोलाचा भाग म्हणजे तिच्यातील उष्णता परत मिळवणारी यंत्रणा, जिला आमच्या व्यवसायात रिजनरेटर म्हणतात. बाहेर जाणाऱ्या वायूतील उष्णता फिरत्या भागात साठवून ती काँप्रेसरमधून आलेल्या थंड हवेला द्यायची, म्हणजे तेवढे इंधन कमी जाळावे लागते आणि बाहेर पडणारा वायूही पुष्कळ थंड होतो. १९५८ ची ‘फायरबर्ड ३’ त्यापुढे गेली. २२५ अश्वशक्तीचे टर्बाइन फक्त चाकांसाठी ठेवून विजेच्या आणि हायड्रॉलिक उपकरणांसाठी दहा अश्वशक्तीचे वेगळे छोटे पेट्रोल इंजिन तिच्यात बसवले होते. स्टिअरिंगचे चाक काढून दोन आसनांच्या मध्ये एकच दांडी ठेवली होती, जिच्याने वळणे, वेग वाढवणे आणि थांबणे ही तिन्ही कामे होत.

आता अपयशाची कारणे. टर्बाइन पूर्ण भारावर, एकसारख्या वेगाने चालते तेव्हाच इंधनाचे चीज करते. म्हणूनच ते विमानात आणि वीजकेंद्रात रमते. शहरातील मोटार मात्र बहुतेक वेळ अर्ध्याहून कमी भारावर, थांबत-थांबत चालते, आणि सिग्नलला उभी असतानाही काँप्रेसर हजारो फेऱ्यांनी फिरत इंधन खात राहतो. दुसरे असे की, पेडल दाबल्यावर पहिल्या भागाने वेग घेईपर्यंत लागणारा क्षणभराचा विलंब रहदारीत त्रासदायक ठरे. तिसरे कारण धातूंचे आहे. ज्या मिश्रधातूंनी ही उष्णता सोसली, त्यांची किंमत आणि त्यांपासून अचूक पाती बनवण्याचा खर्च पिस्टन इंजिनाशी स्पर्धा करू देणारा नव्हता. रिजनरेटरने पहिल्या अडचणीवर बऱ्यापैकी मात केली. उरलेल्या दोन अडचणी चिवट निघाल्या.

तरीही क्रायस्लरने जे करून दाखवले त्याला तोड नाही. जॉर्ज ह्यूबनर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी १९६३ पासून टर्बाइनच्या पन्नास गाड्या सामान्य नागरिकांच्या हाती दिल्या. एकूण २०३ कुटुंबांनी प्रत्येकी तीन महिने त्या विनामूल्य वापरल्या आणि आपले अनुभव कंपनीला कळवले. १३० अश्वशक्तीचे ते इंजिन डिझेल, रॉकेल अशा अनेक द्रवांवर चाले. मेक्सिकोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अदोल्फो लोपेझ मातेओस यांनी टकीलावर चालवून पाहिल्याचा प्रसंग प्रसिद्धच आहे. त्याला सर्वांत न मानवणारे इंधन मात्र त्या काळी प्रत्येक पंपावर मिळणारे शिसेयुक्त पेट्रोल होते, कारण त्यातील शिशाचे थर आतल्या भागांवर साचत. पुढे सत्तरच्या दशकात धुराचे नियम कडक झाले, आणि उच्च तापमानाच्या ज्वलनात तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ही आणखी एक समस्या उभी राहिली.

केतकी:

दोन्ही प्रतिसाद वाचून समाधान वाटले. त्यांत इटलीचा भाग राहून गेला आहे, तो जोडते.

क्रायस्लरमधील सूत्रे बराच काळ के. टी. केलर यांच्या हाती होती, आणि डोक्यावर हॅट असलेला माणूस आरामात बसू शकेल अशी उंच, व्यवहारी गाडी हा त्यांचा आग्रह होता. १९४९ मध्ये आलेल्या व्हर्जिल एक्स्नर यांनी कंपनीची ही प्रतिमा बदलण्यासाठी तुरिन येथील घिया या कवच बांधणाऱ्या कारखान्याशी संधान बांधले. युद्धानंतरच्या इटलीत हाताने पत्रा घडवणारे कुशल कारागीर उपलब्ध होते आणि त्यांची मजुरी डेट्रॉईटच्या तुलनेत फारच कमी होती. डेट्रॉईटहून रेखाटने आणि प्रतिकृती जायच्या, तुरिनहून तयार गाडी यायची. १९५१ ची ‘के-३१०’, १९५३ ची ‘देलेगाँस’, डॉजच्या ‘फायरअॅरो’ या सगळ्या त्याच वाटेने आल्या. ‘के-३१०’चे मागच्या पंखांवर बंदुकीच्या माशीसारखे उभे राहणारे दिवे १९५५ च्या इम्पीरियलमध्ये आले, आणि फोक्सवॅगनच्या कार्मान घियाचे ‘देलेगाँस’शी असलेले साम्य हा रसिकांच्या चर्चेचा विषय आजही आहे. लिंकनची ‘फ्युचुरा’ आणि पॅकार्डची ‘प्रेडिक्टर’ यासुद्धा घियानेच बांधल्या.

या मालिकेतील सर्वांत दुर्दैवी गाडी ‘नॉर्समन’. तिच्या छताला पुढच्या बाजूने खांबच नव्हते. छत मागच्या बाजूने तोललेले होते आणि पुढे केवळ बारीक पोलादी सळ्यांनी ताणून धरलेले होते, त्यामुळे चालकाला समोरचे दृश्य अखंड दिसले असते. पंधरा महिन्यांच्या कामानंतर तयार झालेली ती गाडी ‘आंद्रेआ दोरिया’ या जहाजावर चढवली गेली. २५ जुलै १९५६ च्या रात्री नँटकेट बेटाजवळ धुक्यात ‘स्टॉकहोम’ या जहाजाशी त्याची टक्कर झाली, ५१ माणसे मृत्युमुखी पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडाले. एवढ्या मनुष्यहानीपुढे गाडीचे दुःख करणे मला जड जाते, पण रचनेच्या इतिहासाचे झालेले नुकसान खरेच आहे, कारण ते छत चाचणीत कसे टिकले असते हे पाहण्याची संधी कोणालाच मिळाली नाही.

गाडीच्या मागच्या कोपऱ्यांवर उभ्या राहणाऱ्या अमेरिकी पंखांची लाट तुरिनमार्गेच आपल्याकडेही पोहोचली. १९४८ च्या कॅडिलॅकवर पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेले छोटे पंख आले, १९५९ मध्ये ते कळसाला गेले, आणि दरम्यान युरोपातील कंपन्यांनीही त्यांची सौम्य आवृत्ती उचलली. फियाट ११०० च्या मागच्या कोपऱ्यांवरचे आखूड उभे पंख त्याच काळाचे आहेत. तीच गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात दीर्घकाळ बनत राहिली आणि पुढे पद्मिनी या नावाने मुंबईची काळी-पिवळी झाली. वालचंद हिराचंद यांच्या याच कारखान्यात त्याआधी क्रायस्लर समूहाच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात, हेही इथे नोंदवावेसे वाटते.

शेवटी, जनरल मोटर्समध्ये पन्नासच्या दशकात अर्ल यांनी नेमलेल्या स्त्री रचनाकारांचा उल्लेख अशा चर्चांत क्वचितच होतो. रूथ ग्लेनी यांनी १९५८ मध्ये सजवलेल्या ‘फॅन्सी फ्री’ या कॉर्व्हेटमध्ये आपोआप मागे गुंडाळले जाणारे सीटबेल्ट होते. ज्या काळात प्रदर्शनातील बहुतेक गाड्यांच्या नाकावर टोकदार शंकू आणि आत धातूचे कठीण डॅशबोर्ड होते, त्या काळात माणसाच्या सुरक्षिततेचा हा विचार मला रॉकेटच्या आकाराहून अधिक आधुनिक वाटतो.

अरण्यक:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या खर्चाने बांधलेल्या गाड्यांपैकी आज इतक्या थोड्या का उरल्या आहेत? क्रायस्लरच्या टर्बाइन गाड्या नष्ट केल्याचे वाचले, पण कारण पटले नाही.

यंत्रोपासक:

कारण मलाही पूर्णतः पटत नाही. पाच प्राथमिक नमुने धरून अशा ५५ गाड्या बांधल्या गेल्या होत्या आणि त्यांपैकी ४६ नष्ट करण्यात आल्या. कवचे इटलीत बांधलेली असल्यामुळे त्या गाड्या अमेरिकेत कायमच्या ठेवल्यास आयातकर भरावा लागला असता, हे कारण नेहमी सांगितले जाते. त्याहून मोठी भीती ही असावी की, बाहेर गेलेल्या गाडीत कोणी साधे इंजिन बसवील, किंवा सुटे भाग नसलेली गाडी रस्त्यात बंद पडून कंपनीच्या नावाला बट्टा लागेल. मोटोरामाच्या गाड्यांनाही हाच न्याय लावला गेला. अपघात झाल्यास येणारी कायदेशीर जबाबदारी टाळण्यासाठी प्रदर्शन संपले की त्या भंगारात पाठवण्याचा आदेश असे.

सुदैवाने तो आदेश सर्वत्र पाळला गेला नाही. जनरल मोटर्सच्या तंत्रकेंद्राजवळ वॉरहूप्स नावाचे भंगाराचे आवार होते. तिथे १९५५ ची शेवरोले ‘बिस्केन’, ‘ला साल २’च्या दोन्ही गाड्या आणि १९५६ ची ‘एल्डोराडो ब्रोहॅम टाउन कार’ तुकड्यांच्या अवस्थेत पडून राहिल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संग्राहक जो बॉर्ट्झ यांनी त्या विकत घेतल्या आणि त्यांतील काही वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने पुन्हा उभ्या केल्या. ‘फ्युचुरा’ वेगळ्या मार्गाने वाचली: सुमारे अडीच लाख डॉलर खर्चून बांधलेली ती गाडी जॉर्ज बॅरिस यांच्याकडे नाममात्र एका डॉलरला गेली, १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यांनी तिची ‘बॅटमोबिल’, म्हणजे बॅटमॅनची गाडी, केली, आणि २०१३ च्या लिलावात तिला ४२ लाख डॉलरची बोली लागली. मूळ रूप गेले याची खंत आहे, पण गाडी राहिली.

वाफारा:

मिशिगन किंवा आसपासच्या राज्यांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी थोडी भर घालतो. फ्लिंटच्या स्लोन संग्रहालयाच्या संग्रहात १९५६ ची ‘ब्युइक सेंचुरियन’ आहे, जिच्यात मागे पाहण्यासाठी आरशाऐवजी टीव्ही कॅमेरा आणि डॅशबोर्डवर पडदा होता. इंडियानातील साउथ बेंडच्या स्टुडबेकर संग्रहालयात ‘प्रेडिक्टर’ आहे. क्रायस्लरची एक टर्बाइन गाडी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाकडे, तर दुसरी, चालू स्थितीतील, सेंट लुईसच्या वाहतूक संग्रहालयाकडे आहे. ती सुरू केली जाणार असेल तो दिवस साधून अवश्य जावे, कारण तिचा सूं-सूं आवाज छायाचित्रातून कळत नाही. कोणती गाडी कोणत्या वेळी दालनात मांडलेली आहे, याची चौकशी मात्र आधी करून घ्यावी.